एका टोपातलं जेवण

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारची ओपीडी, बाहेर लांब रांग. पंचेचाळिशीच्या एक ताई समोर बसल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या वर, रक्तदाबही वाढलेला. मारुती मंदिर भागातल्या एका दुकानात दिवसभर उभं राहून काम, संध्याकाळी सातला सुटका, मग रिक्षा आणि घर. रात्री काय जेवता, असं विचारल्यावर त्या खाली बघून म्हणाल्या, "कधी वडापाव घेऊन जात्ये. कधी मुलांसाठी नूडल्स करत्ये, त्यातलंच मी खात्ये."

मी गेली पंचवीस वर्षं जे सांगत आलो तेच सांगितलं. "ताई, बाहेरचं बंद करा. घरचं, ताजं, चौरस जेवा. भाजी, आमटी, भाकरी, कोशिंबीर."

त्यांनी ऐकून घेतलं. चिठ्ठी हातात घेताना सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या घरी कोण रांधतं?"

त्यात टोमणा नव्हता. पण माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. माझी बायकोही नोकरी करते. तीही संध्याकाळी दमूनच घरी येते. तरीही भाजी, आमटी, भात, पोळी हे सगळं माझ्या ताटात येत होतं आणि ते कसं येतं याचा मी फारसा विचार केलेला नव्हता. चार पदार्थ म्हणजे चार भांडी, दोन शेगड्या, दीड तास आणि नंतरची घासाघाशी. हा सगळा हिशेब मी "घरचं खा" या दोन शब्दांत गुंडाळून रोज पन्नास जणांच्या, खरं तर जणींच्या, हातात देत होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणारे पुरुष मुळात चारातले एक. आपला आहारसल्ला या पाच तासांत भर घालणारा असेल, तर तो पाळला जाणार नाही. आणि तो पाळला नाही म्हणून पेशंटला रागावण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

म्हणून आज मी एका पदार्थाची बाजू मांडणार आहे. काही वाचकांना आणि माझ्या काही सहकाऱ्यांना ती पटणार नाही. पदार्थ आहे पास्ता. खिमा घातलेला, वरून चीज घातलेला, एकाच टोपात शिजलेला. तोही पाकिटातला मसाला न वापरता, कांदा चिरण्यापासून सगळं घरी केलेला.

हे परकं आहे का?

पास्ता म्हटलं की आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. मुलांचे डोळे चमकतात आणि आजीच्या कपाळाला आठ्या पडतात. पण पिठाचे तुकडे पातळ, मसालेदार रसात शिजवून एकाच भांड्यातून वाढायचे ही कल्पना आपल्याला नवी नाही. घाटावर चकोल्या करतात, कुठे त्यांना वरणफळं म्हणतात. उकळत्या वरणात कणकेच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या सोडल्या की जेवण तयार. कोकणात तांदळाचे शिरवाळे होतात, नारळाच्या रसात बुडवून खातात. आजारपणात मऊ भात, पेज, कुळथाची पिठी यांनीच आपल्याला आधार दिला. दमलेल्या माणसाला एका भांड्यातलं गरम, मऊ काहीतरी हवं असतं, ही गरज इटलीत आणि रत्नागिरीत सारखीच आहे.

मूळ पाश्चात्त्य पाककृतीत बहुतेकदा बीफचा खिमा असतो. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशीच्या मांसाला ती बंदी नाही आणि काही घरांत ते खाल्लं जातं. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांच्या टोपात बोकडाचा नाहीतर कोंबडीचा खिमा जाईल. श्रावणात किंवा शाकाहारी घरात सोयाबीनचा चुरा चालतो. आरोग्याच्या हिशेबात यातला कुठलाही खिमा चालेल. अट एवढीच, की तो ताजा आणि कमी चरबीचा हवा.

"कशाच्या ऐवजी?"

आता आक्षेप. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या बाईला डॉक्टर पास्ता आणि चीज सांगतो?

एखादा पदार्थ चांगला की वाईट, हा प्रश्न अर्धवट आहे. तो कशाच्या ऐवजी खाल्ला, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ज्या घरात रोज रात्री नाचणीची भाकरी, मेथीची भाजी आणि कुळथाचं कळण होतं, त्या घरी जाऊन मी पास्ता करा असं म्हणणार नाही. ते जेवण उत्तमच आहे. पण ज्या घरात त्या जागी वडापाव किंवा पाकिटातल्या नूडल्स आहेत, तिथे तुलना त्यांच्याशीच करायला हवी.

पाकिटातल्या नूडल्स बहुतेकदा मैद्याच्या आणि तळून वाळवलेल्या असतात. त्यात प्रथिनं बेताची, चोथा जवळजवळ नाही आणि मिठाचा मोठा वाटा त्या छोट्या पुडीत. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. म्हणजे ८०० मिलीग्रॅम सोडियम असेल तर दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ही मर्यादा साधारण एका सपाट चहाच्या चमच्याएवढी आहे. चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांच्या पुढच्या बाजूवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडे तशी ठळक खूण येईपर्यंत पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचणं आपल्याच हातात आहे.

आता पास्ता. चांगला पास्ता दुरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्यापासून करतात. त्यातल्या प्रथिनांचं जाळं पिष्टाच्या कणांना धरून ठेवतं, त्यामुळे त्याचं पचन हळू होतं आणि साखर पांढऱ्या पावापेक्षा सावकाश चढते. पण पास्ता अगदी गाळ होईपर्यंत शिजवला की हा फायदा कमी होतो. म्हणून दाताला किंचित लागेल इतपतच शिजवावा. बाजारात मैद्याचाही पास्ता मिळतो. पाकिटावर 'दुरम गव्हाचा रवा' लिहिलंय का, तेवढं बघून घ्या.

कृती

चार माणसांसाठी. दोनशे ग्रॅम कोरडा पास्ता, पाव किलो खिमा, अर्धी वाटी मसूर डाळ, दोन मोठे कांदे, चार टोमॅटो, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन गाजरं, एक सिमला मिरची, मूठभर फरसबी किंवा पालक, दीड मोठा चमचा तेल, अर्धा चमचा हळद, मिरपूड, थोडं लाल तिखट आणि साठ ग्रॅम चीज, म्हणजे वीस-वीस ग्रॅमचे तीन क्यूब. मीठ सपाट अर्धा चहाचा चमचा. त्याहून जास्त नको, कारण चीजमध्ये मीठ आहेच.

मसूर डाळ धुऊन भिजत घाला. स्टीलचा जाड बुडाचा टोप घ्या. तेलात कांदा लाल करा, लसूण घाला, मग खिमा. सुटलेलं पाणी आटून खिमा टोपाला किंचित लागायला लागेपर्यंत मोठ्या आचेवर परता. पदार्थाची अर्धी चव इथेच तयार होते, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका. हळद, तिखट, डाळ आणि पाऊण लिटर गरम पाणी घालून पंधरा मिनिटं झाकण ठेवा. टोमॅटो आत्ताच घालू नका, आंबटात डाळ लवकर शिजत नाही. डाळ फुटली की चिरलेले टोमॅटो, भाज्या, मीठ आणि पास्ता घाला. पास्ता बुडेल इतकं पाणी आहे ना ते बघा, लागलं तर गरम पाणी आणखी घाला. मधूनमधून तळापासून हलवत दहा-बारा मिनिटं शिजवा. गॅस बंद करून किसलेलं चीज आणि मिरपूड घाला, ढवळा, दोन मिनिटं झाकून ठेवा.

मसूर डाळ मूळ कृतीत नाही, ती चकोल्यांकडून उसनी घेतली आहे. ती विरघळून रस्सा दाट करते. पास्त्यातून सुटणारं पिष्टही पाण्यातच राहतं, कारण आपण पाणी ओतून देत नाही. त्यामुळे हॉटेलात लागतं तेवढं चीज, लोणी किंवा साय लागत नाही. खिमाही पाव किलोतच चौघांना पुरतो, आणि मटणाचे भाव बघता तेही महत्त्वाचं आहे.

माणशी हिशेब साधारण असा पडतो: साडेचारशेच्या आसपास कॅलरी, पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ. पाकिटातल्या जेवणात हे गणित जमत नाही. बोकडाच्या खिम्यातलं लोह शरीराला वनस्पतीतल्या लोहापेक्षा सहज घेता येतं, आणि टोमॅटोतलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोहही शोषायला मदत करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. घरातली बाई शेवटी जेवते आणि तळाशी उरलेला रस्सा घेते. एका टोपातल्या जेवणात खिमा सगळीकडे सारखा मिसळलेला असतो, त्यामुळे वाटणी करणं निदान सोपं जातं. तरी बाईचं ताट आधी वाढा.

मर्यादा

हे रोजचं जेवण नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलं आणि लाल मांस 'बहुधा कारणीभूत' या गटात. म्हणून टोपात सॉसेज नको. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवावं. आपल्याकडे बहुतेक घरं त्याच्या कितीतरी आत आहेत.

मधुमेह असणाऱ्यांनी पास्ता चाळीस ग्रॅमच्या आत ठेवावा, भाज्या वाढवाव्यात आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालावं. हृदयविकार असलेल्यांनी कोंबडीचा खिमा घ्यावा आणि चीज एका क्यूबवर आणावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, मीठ आणि टोमॅटोचा हिशेब आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. संधिवाताच्या 'गाऊट' प्रकारात लाल मांस टाळलेलं बरं.

चीज घेतानाही लेबल वाचा. शंभर ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये साधारण एक ते दीड ग्रॅम सोडियम असतं. 'अ‍ॅनालॉग' असा शब्द दिसला तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असू शकतं हे लक्षात ठेवा.

उरलेल्याचं काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि याबाबत मला खरोखर काळजी वाटते. एका टोपातलं जेवण उरतं. रात्री दमलेला माणूस टोपावर झाकण ठेवतो आणि झोपतो. सकाळी गरम करून मुलाच्या डब्यात.

तांदूळ, पास्ता, शेवया अशा पिष्टमय पदार्थांत बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळण्याने मरत नाहीत. अन्न कोमट राहिलं की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. जिवाणू गरम केल्यावर मरतील, पण हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, पण सगळेच नाही. २००८ मध्ये ब्रसेल्समधल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस ओट्यावर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो गेला. त्याचं यकृत निकामी झालं होतं. २००३ मध्ये बेल्जियममध्येच पास्त्याचं सॅलड खाऊन एका कुटुंबातली पाच मुलं आजारी पडली, त्यांतली सात वर्षांची मुलगी वाचली नाही.

ती थंड देशातली स्वयंपाकघरं होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्रीही ओटा कोमटच असतो आणि हवा दमट. त्यामुळे नियम सोपा ठेवा. जेवण झाल्यावर उरलेलं पसरट डब्यात काढा, वाफ गेली की फ्रिजमध्ये टाका. हे सगळं दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करा आणि संपवा. वीज बराच वेळ गेली असेल तर मोह न करता टाकून द्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. फ्रिज म्हणजे त्या दिवसांत नुसतं कपाट. पावसाळ्यात वीज जाण्याची शक्यता असेल तर मुळात उरणार नाही एवढंच करा. खिमाही आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा किंवा लगेच शिजवा, आणि आत कुठे गुलाबी राहू देऊ नका.

कोणी करायचं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. या दहा कोटींना आम्ही डॉक्टर "घरचं खा" म्हणून सांगणार. सल्ला बरोबरच आहे. पण तो देताना पुढचे तीन प्रश्न विचारायला हवेत, असं मला आता वाटतं. घरी कोण रांधतं? त्या माणसाला किती वाजता वेळ मिळतो? आणि त्याच्या मदतीला दुसरं कोण येऊ शकतं? औषध लिहिताना आम्ही दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे स्पष्ट लिहितो. आहाराबाबत मात्र मोघम बोलतो आणि तो अमलात आणण्याचं सगळं ओझं एका माणसावर टाकून मोकळे होतो.

एका टोपातला पास्ता मी शिकलो तो या कारणाने. पहिल्यांदा तळाला लागला. दुसऱ्यांदा मीठ दोनदा पडलं, कारण चीजमध्ये मीठ असतं हे इतरांना सांगणारा मी स्वतः विसरलो होतो. तिसऱ्यांदा बरा झाला. आता आमच्याकडे शनिवारची रात्र माझी असते. टोपही मीच घासतो. भाजी-आमटी-पोळी असं पूर्ण जेवण शिकायला मला कदाचित वर्ष लागलं असतं आणि त्याआधीच मी सोडून दिलं असतं. जो कधी स्वयंपाकघरात गेला नाही, त्याला आत यायला एक भांडं, एक शेगडी आणि चाळीस मिनिटं एवढीच वाट सोपी वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही हे जमतं.

त्या ताई तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. तोवर ही कृती मी एका कागदावर लिहून छायाप्रती काढून ठेवल्या होत्या, त्यातली एक त्यांना दिली आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. त्या हसल्या. त्यांची साखर एका पदार्थाने खाली येणार नव्हती. मी गोळ्या वाढवल्या, चालायला सांगितलं, डोळे आणि पाय तपासून घेतले. त्यानंतरच्या खेपेला साखर आठच्या जवळ होती. अजून हवी तेवढी कमी नाही. पण नववीतला मुलगा आठवड्यातून दोनदा रात्रीचं जेवण करून ठेवतो, एकदा पास्ता आणि एकदा मुगाची खिचडी, असं त्यांनी सांगितलं. "खिचडी पातळ करतो हो, पण करतो," त्या म्हणाल्या.

येत्या शनिवारी तुमच्या घरात जो सहसा स्वयंपाक करत नाही, त्याच्या हातात हा टोप द्या. आणि जेवण झाल्यावर उरलेलं फ्रिजमध्ये गेलं का, ते झोपण्याआधी एकदा बघा.